६० नंबरचं नाव

"गेल्या चौदा दिवसांत यांच्या तीन फुटांच्या आत, पंधरा मिनिटांहून जास्त वेळ कोण कोण होतं? नीट आठवा. एकही नाव सोडू नका."

१२ मे २०२०. दुपारचे दोन वाजले होते. आमच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी आरोग्यसेविका उभी होती. अंगात प्लास्टिकचा निळा झगा, तोंडावर मास्क, त्यावर फेस शिल्ड. शिल्डच्या आतून घामाचे ओघळ दिसत होते. "यांच्या" म्हणजे आमच्या शेजारच्या ५७ नंबरच्या दादांच्या. दादा बेस्टमध्ये कंडक्टर. लोकल बंद झाल्यापासून नर्सेस, सफाई कामगार, पोलीस यांना कामावर पोचवणाऱ्या बसवर त्यांची ड्युटी असायची. आदल्या रात्री त्यांचा कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि पहाटे अँब्युलन्स त्यांना घेऊन गेली.

मजल्याचं रजिस्टर माझ्याकडे असतं. जिन्यातल्या बल्बचे पैसे, पंपाचं बिल, गणपतीची वर्गणी, सगळं मी लिहिते. त्यामुळे यादीही मीच सांगायची, हे कुणी न ठरवता ठरलं.

त्या तीन फूट म्हणाल्या तेव्हा मी गॅलरीकडे पाहिलं. आमची गॅलरी रुंदीला चार फूट. त्यातच एका बाजूला पाण्याची पिंपं, चपलांचे स्टँड, तुळशीच्या कुंड्या. समोरून कुणी आलं तर एकाला अंग चोरून कठड्याला टेकावं लागतं. गिरणगावातली ही जुनी चाळ, तळमजला अधिक तीन. आम्ही तिसऱ्यावर. ४९ ते ६४ अशा सोळा खोल्या एका ओळीत आणि गॅलरीच्या टोकाला चार संडास, दोन बायकांचे, दोन पुरुषांचे. शिमग्याला कोकणात गेलेली चार कुटुंबं लॉकडाऊनमुळे तिकडेच राहिली होती. उरलेल्या १२ खोल्यांत ५३ माणसं होती.

टीव्हीवर दिवसभर एकच, घरी राहा. चाळीतलं घर दहा बाय पंधराच्या खोलीत संपत नाही, हे सांगायचं कुणाला? बाबा आणि माझा भाऊ रात्री गॅलरीत झोपतात. आई तांदूळ निवडायला उंबऱ्यावर बसते. कपडे कठड्यावर वाळतात. अंघोळीपुरती मोरी आत आहे, बाकी सगळ्याला दार उघडून बाहेर यावंच लागतं. आम्ही मार्चपासून बाजारात जाणं बंद केलं होतं, भाजी दोरीला पिशवी बांधून वर ओढून घेत होतो, दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो. घरी राहा म्हटल्यावर आम्ही घरीच राहिलो. ५३ माणसं, एकाच घरात.

मी नावं सांगायला लागले. ५७ ची वहिनी आणि त्यांची दोन मुलं. आम्ही चौघं, कारण ड्युटीवरून आले की दादा आमच्या दारातल्या स्टुलावर बसून बाबांशी बोलायचे. ५८ चे तिघं. ५५ मधले आजोबा, ते दादांकडून पेपर मागून घ्यायचे. ५९ ची दोघं.

पुढचं नाव ६० नंबरच्या काकींचं यायला हवं होतं. काकी आणि ५७ ची वहिनी रोज दुपारी एकाच सतरंजीवर बसून लसूण सोलायच्या, कधी वाटाणे. दोन-दोन तास. सगळ्या मजल्याला हे माहीत होतं.

पण त्या दिवशी सकाळीच काकी आमच्या दारात येऊन गेल्या होत्या. पदराने तोंड झाकलेलं. "माझं नाव घालू नको गो बाय," म्हणाल्या. "मी एकटी बाई. तिकडे नेऊन ठेवतील आणि काही झालं तर कळवणार कोणाला? पोरगा विरारला, गाड्या बंद. आणि खोलीला कुलूप लागलं तर मालक काय करील सांगता येतं का?" काकी विधवा. ती खोली पगडीची, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन कायम भाड्याने घेतलेली. ते पैसे त्यांच्या नवऱ्याने गिरणीच्या फंडातून भरलेले. तेवढाच त्यांचा आधार.

आणखीही एक कारण होतं, ते त्या बोलल्या नाहीत. पहाटे दादांना नेल्यावर तासाभरात ५७ च्या उंबऱ्यापुढे कुणीतरी खडूने पांढरी रेघ मारली होती. दूधवाल्याला त्या दाराशी थांबू नको म्हणून सांगितलं गेलं. वहिनी संडासाला निघाली तेव्हा रांगेतल्या बायका एकदम भिंतीला चिकटल्या आणि एक जण मोठ्याने म्हणाली, "आम्ही सगळे जाऊन येऊ दे, मग जा." वहिनी बालदी हातात घेऊन तशीच परत फिरली. हे काकींनी पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं आणि गप्प राहिले होते.

आरोग्यसेविकेच्या मागे, आपल्या दारात उभ्या राहून काकी माझ्याकडे बघत होत्या. मी १३ नावं सांगितली आणि म्हटलं, एवढीच.

रात्री नऊच्या सुमाराला बस आली. एकेक पिशवी, पांघरूण, बाबांच्या गोळ्या. जिन्याखाली बांबू आणि पत्रे लावायचं काम चालू होतं. आम्हाला जवळच्याच एका शाळेत नेलं. बाकं हलवून वर्गांत खाटा टाकलेल्या, फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच. बाबांची मला भीती वाटत होती. १९८२ च्या संपात गिरणी गेली, पण आधीची वर्षं त्यांनी कार्डिंग खात्यात काढलेली, कापसाच्या धुळीने छाती आधीच अधू. पण शाळेत एक गोष्ट नेमाने व्हायची. सकाळ-संध्याकाळ एक मुलगी यायची, प्रत्येकाच्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर लावायची आणि आकडा वहीत लिहायची. ९५ च्या खाली आला की डॉक्टरांना फोन. बाबांचा आकडा ९६ वर राहिला. मी तो रोज दोनदा ऐकायचे आणि मगच मला झोप यायची.

रात्री बाबा त्यांच्या आजीने सांगितलेल्या प्लेगच्या गोष्टी सांगायचे. १८९६ साली मांडवीत प्लेग सुरू झाला आणि पुढे मुंबईभर पसरला. घरोघर तपासणीला माणसं यायची, आणि लोक आजारी माणसाला पोटमाळ्यावर गोधड्यांखाली लपवायचे. नेलं की परत येत नाही, असं सगळ्यांच्या मनात बसलेलं. "लपवलेल्याच्या शेजारी निजलेली मुलंही मग जायची," बाबा म्हणाले. मी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. काकींचं मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

सहाव्या दिवशी स्वॅब घेतला. नाकातली काडी डोक्यापर्यंत गेल्यासारखं वाटलं, डोळ्यांतून पाणी. दोन दिवसांनी रिपोर्ट आले. घरातली तिघं निगेटिव्ह, मी पॉझिटिव्ह. ताप नव्हता, खोकला नव्हता. पण त्या सकाळी आईने बाबांच्या पाठीला लावायला बाम उघडला आणि मला काहीच वास आला नाही. मी डबी नाकाला लावली. काहीच नाही. त्या क्षणाची भीती अजून आठवते. मला दुसऱ्या केंद्रात हलवलं. घरी वेगळी खोली आणि वेगळा संडास असेल तरच घरी ठेवत, आणि आमच्या चाळीत तसं घर कुणाचंच नाही.

तिथल्या खाटेवर भावाचा फोन आला. ते तिघं चौदा दिवस भरून २६ ला घरी गेले आणि त्यांना कळलं ते असं. आमच्या मंडळाच्या मुलांनी वर्गणीतून एक ऑक्सिमीटर घेतला होता आणि ती रोज दारोदार फिरत होती. काकी तीन दिवस दाराआडूनच सांगत होत्या, मी बरी आहे, चहा घेतेय. चौथ्या रात्री, २३ मे ला, ६१ मधल्या ताईंना भिंतीपलीकडून धाप लागल्याचा आवाज आला. दार ठोठावलं तर कडी काढायला काकींना किती वेळ लागला. ऑक्सिमीटरवर ८१. आमच्या लाकडी जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरत नाही. मुलांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन जिने उतरवलं. खुर्चीचा एक पाय आमचा भाचा म्हणावा अशा अठरा वर्षांच्या पोराने धरला होता, तो पुढे कितीतरी दिवस त्या खुर्चीत बसत नव्हता.

काकी यादीत असत्या तर शाळेत असत्या. शाळेत त्यांच्या बोटाला सकाळ-संध्याकाळ ऑक्सिमीटर लागला असता. ८१ पर्यंत आकडा गेलाच नसता, ९४ लाच फोन गेला असता. हे मला कुणी बोलून दाखवलं नाही. भावाने फोन ठेवल्यावर मी उठून खिडकीशी गेले आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले.

आणि गोष्ट काकींपाशी थांबली नाही. त्यांच्या पाठोपाठ मजल्यावर आणखी पाच जण पॉझिटिव्ह आले. चाळ तर सीलच होती, खाली कुणी उतरत नव्हतं. त्या पाचांपैकी दोघी अशा, की काकींशी गेली दोन वर्षं त्यांचं बोलणंही नव्हतं. पण दोघींचा संडास काकींचाच.

केंद्रात पडल्यापडल्या मी फोनवर मिळेल ते वाचत होते. तेव्हा हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्सचं वाचलं. २००३ मध्ये सार्सची, म्हणजे कोरोनाच्याच जातीच्या विषाणूची, साथ आली तेव्हा त्या एका वसाहतीत तीनशेहून जास्त लोक आजारी पडले. त्यातले कितीतरी एकाच इमारतीतले, एकमेकांना न भेटलेले. न्हाणीघराच्या जाळीखाली जी वाकडी नळी असते तिच्यात पाणी साठून राहतं आणि गटाराची हवा अडते. तिथे ते पाणी सुकलेलं होतं. पंखा लावला की मैल्याच्या पाइपातली हवा, विषाणूसकट, घरात ओढली जायची. तिथे घरागणिक वेगळं न्हाणीघर होतं, तरी पाइपांनी सगळी घरं जोडलेली. मला आमचे चार संडास डोळ्यांपुढे आले.

प्रत्येक संडास तीन बाय चार. वर हातभर झरोका, पण कबुतरं आणि पाऊस येतो म्हणून कितीतरी वर्षांपूर्वी चारही झरोक्यांवर प्लायवूड ठोकलेलं. सकाळी पाच ते नऊ रांग. एक जण दहा मिनिटं आत, खोकणार, खाकरणार, मास्क आत कुणी लावत नव्हतं. तो बाहेर पडला की पुढचा अर्ध्या मिनिटात आत, त्याच हवेत. आम्ही कड्या पुसत होतो, दिवसातून पाच वेळा. सोडियम हायपोक्लोराइटची फवारणी करून घेत होतो. कड्या पुसणं चुकीचं नव्हतं. पण दार लावल्यावर आत कोंडून राहणाऱ्या हवेचा विचार आमच्यापैकी एकानेही केला नव्हता. वास्तविक प्लेगनंतर, १८९८ साली, याच शहरात इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला तो दाट वस्तीत हवा आणि उजेड यावा म्हणून. आमची चाळ बांधणाऱ्यानेही संडासाला झरोका ठेवला होता. तो आम्हीच बंद केला.

मी जूनच्या पहिल्या आठवड्यात परतले. गॅलरीत पाऊल टाकताना पाय जड झाले होते, पण आई सोडून आणखी दोघी-तिघी दारात आल्या, एकीने लांबूनच भाकरतुकडा ओवाळून टाकला. दुसऱ्याच दिवशी मी रजिस्टर काढलं.

पहिलं काम झरोक्यांचं. ५२ मधल्या सुतारकाकांनी चारही प्लायवूड काढले आणि तिथे बारीक जाळी ठोकली. पहिल्यांदा आत उजेड पडला तेव्हा भिंतींचा मूळ रंग पिवळा आहे हे आमच्या पिढीला कळलं.

दुसरं काम वाटणीचं, आणि ते फार जड गेलं. मी सुचवलं होतं की तीन संडास सगळ्यांना आणि चौथा फक्त ताप-खोकला असलेल्यांना. कागदावर बरोबर वाटत होतं. आठ दिवस चौथ्यात कुणी फिरकलंच नाही. तिसऱ्या दिवशी ५० मधल्या मुलाच्या अंगात ताप होता आणि त्याची आई त्याला पहाटे चारला, सगळे झोपेत असताना, पहिल्याच संडासात घेऊन गेली. का नाही नेणार? चौथ्याच्या दारात उभं राहणं म्हणजे स्वतःच्या उंबऱ्यापुढे खडूची रेघ ओढून घेणं. मी त्या बाईला दोष द्यायला गेले नाही. मला तो अधिकार नव्हता.

मग ते सोडून दिलं आणि खोल्या वाटल्या. तीन खोल्यांना एक संडास, त्याचं कुलूप, तीन किल्ल्या. बायकांचा-पुरुषांचा हा भेदच काढला. त्यावर म्हाताऱ्या बायका भडकल्या, आणि त्यांचं दुःख खरं होतं. जिथे परका पुरुष बसून गेला तिथे आपण कसं जायचं, म्हणून माझी आईसुद्धा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आयुष्यभर पाळलेली लाज होती ती. मी त्यांच्यासमोर पाटीवर चौकोन काढले. आत्ता बायकांच्या एका संडासात सहा खोल्यांच्या बायका जातात. त्यातल्या एकीला झालं तर सहा घरांत जातं, आणि तिथून पुरुषांच्या संडासातून उरलेल्या सहांत. तीन खोल्यांचा एक केला तर तिथेच अडतं. ५५ च्या आजी म्हणाल्या, "म्हणजे तीन घरांचं एक कुटुंब धरायचं." हो, म्हटलं, तेच. त्यांनी मान डोलावल्यावर बाकीच्यांचा विरोध मावळला.

वेळा लिहिल्या. एक जण बाहेर आला की दार सताड उघडं टाकायचं आणि दहा मिनिटं कुणी आत जायचं नाही. आत मास्क काढायचा नाही. बालदी आणि साबण आपापला. आणि एक नियम सगळ्यांत शेवटी, पण मी तो लाल पेनाने लिहिला: घरात कुणाला बरं नसेल त्या खोलीने त्या दिवशी शेवटची वेळ घ्यायची, आणि कारण कुणी विचारायचं नाही. हा नियम पाळला गेला. एखाद्या खोलीने शेवटची वेळ मागितली की त्या संध्याकाळी मंडळाचा मुलगा काही न बोलता आधी त्या दाराशी ऑक्सिमीटर घेऊन जायचा.

जुलैच्या शेवटी मुंबईच्या सेरो सर्वेक्षणाचे, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीजवरून किती जणांना संसर्ग होऊन गेला ते मोजणाऱ्या पाहणीचे, आकडे आले. तीन वॉर्डांत मिळून ६,९३६ जणांचं रक्त तपासलेलं. झोपडपट्टीत १०० पैकी ५७ जणांना संसर्ग होऊन गेलेला, बाकीच्या वस्तीत १०० पैकी १६ जणांना. कारण म्हणून दाटी आणि सामायिक संडास, पाण्याच्या सामायिक जागा यांचं नाव घेतलं होतं. आमची चाळ त्या मोजणीत नव्हती. पण मी ते बाबांना वाचून दाखवलं. मार्चपासून टीव्हीवर आणि समोरच्या टॉवरच्या खिडक्यांतून एकच ऐकत होतो, ही चाळीतली, वस्तीतली माणसं ऐकत नाहीत, नियम पाळत नाहीत. बाबांनी आकडे पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, "त्यांच्या घरात संडास आहे."

काकी ९ जूनला घरी आल्या होत्या. १७ दिवस ऑक्सिजनवर. आवाज गेल्यासारखा झाला होता. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायच्या, आणि लाकडी पायऱ्यांचा तो आवाज मला खोलीत ऐकू यायचा. कर्र, कर्र, मग बराच वेळ काहीच नाही. त्या थांबल्या की माझा हातही थांबायचा. मी रोज त्यांचं पाणी भरून द्यायचे. एकदा पिंपावर झाकण ठेवताना मी म्हटलं, "काकी, तेव्हा मी तुमचं नाव..." त्यांनी हात वर केला आणि मला पुढे बोलू दिलं नाही. "पेज जास्त झालीय, घेऊन जा," एवढंच म्हणाल्या.

त्या वर्षी गणपती २२ ऑगस्टला बसले. लालबागला राजाची मूर्ती नव्हती, मंडळाने आरोग्योत्सव केला. आमच्या मजल्यावर १२ पैकी तीनच घरी गणपती आणले, आरतीला प्रत्येक जण आपापल्या दारात उभा राहिला. ५७ च्या दादांनी घंटा वाजवली. त्यांच्या उंबऱ्यापुढची खडूची रेघ वहिनीने कधीच पुसली होती, तिथे आता रांगोळी होती.

२०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच दिवस आले. ५३ मधल्या भावोजींना ताप आला, रिपोर्ट पॉझिटिव्ह. दुपारी आरोग्यसेविका वर आली, दुसरी, आधीपेक्षा तरुण, नुसता मास्क लावलेली. मी रजिस्टर घेऊन दारात आले. तिने विचारलं, "यांच्या संपर्कात कोण कोण होतं?" मी पेनाचं टोपण काढेपर्यंत गॅलरीत काठीचा आवाज झाला. काकी दारात आल्या होत्या, मार्चमध्येच लस घेतलेल्या, मास्क नीट नाकावर ओढलेला.

"६० नंबर," काकी म्हणाल्या, आणि श्वास घेण्यासाठी थांबल्या. "परवा मी त्याच्या आईपाशी बसले होते. पहिलं माझं लिही."

मी लिहिलं.